हिट गाण्यापासून पूर्ण अल्बमपर्यंत: आळशी माणसाची वाट

एखादं गाणं कानावर पडतं आणि दोन दिवस डोक्यातून जात नाही. मग तुम्ही कलाकाराचं नाव शोधता. ॲपमध्ये त्याच्या पानावर सगळ्यांत वर लोकप्रिय गाण्यांची यादी असते, तिच्यात पहिलं असतं ते तुमचंच गाणं. ते ऐकता. दुसरं अर्धं ऐकता, तिसरं वीस सेकंदांत पुढे ढकलता आणि पुन्हा पहिल्यावर येता. त्या गाण्याच्या अल्बममध्ये आणखी नऊ-दहा गाणी आहेत हे माहीत असतं, पण ती काही ऐकली जात नाहीत. ‘वेळच मिळत नाही’ असं आपण म्हणतो. तेच गाणं चौदा वेळा ऐकायला वेळ कुठून मिळाला, हे कुणी विचारत नाही म्हणून बरं.

मी पूर्ण अल्बम ऐकायला शिकले ती कंटाळ्यामुळे. कॅसेटचा काळ होता. मला हवं असलेलं गाणं पहिल्या बाजूला तिसरं होतं. ते संपलं की पुन्हा ऐकण्यासाठी रिवाइंडचं बटण दाबायचं, अंदाजाने थांबायचं, प्ले करायचं. हमखास दुसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर जाऊन पडायचं. पुढे ढकलावं तर आपल्या गाण्याची सुरुवात निसटायची, म्हणून मुकाट्याने ते कडवं ऐकून घ्यायचं. कित्येक महिने मला त्या दुसऱ्या गाण्याचं फक्त शेवटचं कडवं पाठ होतं. एका रविवारी अंदाजाने थांबायचाही कंटाळा आला, कॅसेट पार मागे गेली आणि पहिल्यापासून चालू राहिली. तेव्हा कळलं की ते कडवं आधीच्या दोन कडव्यांतल्या तक्रारीला दिलेलं उत्तर होतं. तक्रार काय होती हे न कळताच मी इतके महिने उत्तर गुणगुणत होते.

तेव्हा पुढे-मागे करण्यात खटपट होती, म्हणून अल्बम आपोआप ऐकला जायचा. आता एका बोटाने गाणं बदलतं, म्हणून अल्बम आपोआप सुटतो. माणूस दोन्ही काळांत तेवढाच आळशी आहे. म्हणून या लेखात ‘मन एकाग्र करा’ वगैरे सल्ला मिळणार नाही. स्किप करणं हेच कटकटीचं होऊन बसेल, अशी मांडणी कशी करायची तेवढं सांगते.

आधी थोडं यंत्रांबद्दल

हा भाग गाळून थेट पहिल्या पायरीवर गेलात तरी चालेल. पण एकच गाणं पुढे का येतं हे कळलं की स्वतःला दोष देणं कमी होतं.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची. म्हणजे एक बाजू, एक गाणं. मोठी रचना असेल तर अशा चार-पाच तबकड्या पाकिटांच्या जाड वहीत घालून विकत. ती वही फोटोंच्या अल्बमसारखी दिसायची, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड (एलपी) आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली, एका बाजूला एक गाणं. इथून दोन वाटा झाल्या. छोटी तबकडी रेडिओ आणि ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र), मोठी घरी बसून ऐकायला.

मोठ्या तबकडीचा उपयोग गाण्यांची नुसती थप्पी लावण्यापलीकडे आहे, हे पॉप संगीतात ठळकपणे कळलं ते १९६० च्या दशकात. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ अल्बममधून त्या वेळी एकही सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, काढलं नव्हतं. त्याच ध्वनिमुद्रणांच्या सुरुवातीला तयार झालेली ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन गाणी आधी सिंगल म्हणून बाहेर आली आणि म्हणूनच अल्बमबाहेर राहिली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पुढे या निर्णयाचा पश्चात्ताप झाला, तो भाग वेगळा.

अल्बमच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत कंपन्या बऱ्याच गाजलेल्या गाण्यांचं सिंगल बाजारात आणतच नव्हत्या. गाणं दिवसभर रेडिओवर, आणि विकत हवं तर पूर्ण सीडी घ्या. नो डाउट या बँडचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं, पण सिंगल म्हणून विक्रीला नसल्यामुळे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य हॉट १०० यादीत बसतच नव्हतं. तो नियम १९९८ च्या डिसेंबरमध्ये बदलला. एका गाण्यासाठी बारा गाण्यांचे पैसे मोजून ज्यांना भरताड पदरात पडली, त्यांचा अल्बमवरचा राग खोटा नव्हता. २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअरने गाणी सुटी विकायला सुरुवात केली तेव्हा लोक तिकडे धावले, त्यामागे हा रागही होता.

आणि आता स्ट्रीमिंग. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ‘ऐकलं’ असं धरलं जातं. त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात पकड घेणाऱ्या गाण्याचं पारडं जड. ॲप तेच वर दाखवतं, वर दिसतं म्हणून आणखी लोक तेच वाजवतात. मिनिटभर नुसतं वातावरण उभं करणारं सातवं गाणं या शर्यतीत उतरलेलंच नसतं.

पायरी १: अल्बम निवडा, पण सगळ्यांत थोर नको

‘सर्वकाळातले १०० श्रेष्ठ अल्बम’ अशा यादीतून सुरुवात करू नका. परीक्षेचा अभ्यास वाटतो आणि तिसऱ्या गाण्यावर झोप येते. ज्यातलं एक गाणं तुम्हाला आधीच आवडतं, असाच अल्बम घ्या.

मग त्याची एकूण लांबी बघा. पहिल्या प्रयत्नासाठी ४५ मिनिटांच्या आतला हवा. एलपीच्या काळातले बहुतेक अल्बम या मापात बसतात, कारण दोन बाजूंवर जास्त मावतच नव्हतं. सीडी आल्यावर ७४ मिनिटांची जागा मोकळी झाली आणि ती भरायचा मोह अनेकांना आवरला नाही. स्ट्रीमिंगमध्ये तर जागेचा प्रश्नच संपला. शिवाय बिलबोर्डने २०१४ च्या डिसेंबरपासून गाणी मिळून १,५०० वेळा (आकडा तेव्हाचा) ऐकली गेली की एक अल्बम विकल्यासारखं धरायला सुरुवात केली. गाणी जितकी जास्त, तितका आकडा फुगतो. म्हणून २५ गाण्यांचा अल्बम दिसला की मी तरी जरा संशयानेच बघते.

‘बेस्ट ऑफ’, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ असं काही असेल तर बाजूला ठेवा. ती सिंगलचीच टोपली. आणि काही कलाकारांचं खरं काम सिंगलमध्येच असतं, हेही मान्य करा. १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलवाल्यांचे अल्बम बहुधा सिंगल गोळा करून आणि जागा उरली तिथे काहीबाही भरून केलेले असत. तिथे अल्बमचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करून घ्या. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण ते शीत आपण पातेल्यातून कुठूनही उचललेलं असतं. सिंगल तसं उचललेलं नसतं. गाडीच्या आवाजातही ऐकू येईल, अर्धवट लक्ष असलं तरी धरून ठेवेल, असं बघून ते पुढे ठेवलेलं असतं. उरलेला अल्बम त्याच्यासारखा असेल अशी अपेक्षा ठेवून गेलात तर पदरी निराशा येणार, आणि तो दोष अल्बमचा नाही. रेडिओहेड या बँडच्या ‘क्रीप’ गाण्यावरून जो थेट त्यांच्या २००० सालच्या ‘किड ए’वर पोचतो, त्याला आपण चुकीच्या घराची कडी वाजवली असं वाटतं. त्या अल्बममधून सिंगल म्हणून एकही गाणं काढलेलं नव्हतं. अशा वेळी मधलं एखादं घर आधी बघावं, म्हणजे १९९५ चा ‘द बेंड्स’ किंवा १९९७ चा ‘ओके कंप्युटर’.

पायरी २: आवृत्ती तपासा

नवखे सगळ्यांत जास्त फसतात ते इथे. एकाच अल्बमच्या तीन-चार आवृत्त्या दिसतात: साधी, डीलक्स, पुन्हा मास्टर केलेली (आवाज नव्याने बसवलेली), वर्धापनदिनाची. डीलक्समध्ये मूळ गाण्यांनंतर डेमो (गाण्यांचे कच्चे खर्डे), रीमिक्स, मैफलीतली ध्वनिमुद्रणं जोडलेली असतात. अल्बम जिथे संपायचा तिथे संपत नाही, आणि शेवटच्या गाण्याने साधलेला परिणाम पुढच्याच मिनिटाला एखादा डेमो घालवून टाकतो.

कधी कधी तर क्रमच बदललेला असतो. फ्लीटवुड मॅकच्या १९७७ च्या ‘रूमर्स’ अल्बममध्ये मुळात ११ गाणी. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं तेव्हा वगळलं गेलं आणि ‘गो युवर ओन वे’ या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. नंतरच्या आवृत्त्यांत ते परत आलं. गाणं सुरेख आहे, जरूर ऐका. पण पहिल्या खेपेला मूळ ११च ऐका. प्रकाशनाचं साल आणि गाण्यांची मूळ संख्या एकदा पडताळून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

हिट गाण्याची लांबीही बघून ठेवा. तुम्ही ऐकत आलेलं रूप कदाचित रेडिओसाठी कापलेलं असेल. द डोअर्सचं ‘लाइट माय फायर’ अल्बमवर सुमारे ७ मिनिटांचं आहे. १९६७ च्या सिंगलमध्ये मधला ऑर्गन आणि गिटारचा मोठा भाग उडवून ते तीन मिनिटांच्या आत आणलं होतं. क्राफ्टवेर्कचं ‘ऑटोबान’ (१९७४) तर अल्बमची अख्खी एक बाजू व्यापतं, २२ मिनिटांहून जास्त. सिंगल साडेतीन मिनिटांच्या आसपास.

पायरी ३: यंत्राची सेटिंग

हे एकदाच करायचं आहे.

– शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लावणं) बंद. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲडेलचा ‘३०’ हा अल्बम आला तेव्हा तिच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी साधं प्ले केलं. तरी तुमच्या फोनवर आधीचं शफल चालू राहिलेलं असू शकतं. बघून घ्या.

– ऑटोप्ले बंद. अल्बम संपल्यावर ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणत ॲप भलतंच गाणं लावतं. शेवटच्या गाण्यानंतरची शांतता अल्बमचाच भाग असते, आणि आपण ऐकलं काय याचा विचार त्याच अर्ध्या मिनिटात होतो.

– क्रॉसफेड शून्यावर. एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळायची ही सोय मेजवानीच्या प्लेलिस्टला ठीक. अल्बममध्ये दोन गाण्यांमधलं अंतर कुणीतरी कानाने ठरवलेलं असतं. कुठे दोन सेकंद, कुठे काहीच नाही.

– गॅपलेस प्लेबॅकचा पर्याय असेल तर चालू. एकमेकांत वाहत जाणारी गाणी याशिवाय जोडावर अडखळतात.

– आवाज समान करण्याच्या सेटिंगमध्ये ‘अल्बम’ असा पर्याय असेल तर तो घ्या. नाहीतर हळू गाणं उगाच मोठं होऊन बसतं.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: अल्बम डाउनलोड करा आणि फोन विमान मोडवर टाका. आता फोनमध्ये ऐकण्यासारखं तेवढंच उरतं. बदलायचं म्हटलं तर मोड काढा, नेटवर्कची वाट बघा, शोधा… एवढी उठाठेव कोण करतो?

पायरी ४: पहिल्यांदा ऐकताना

हातांना काम आणि कानांना रजा असेल अशी वेळ निवडा. इस्त्री, कपाट आवरणं, लांब फेरी. माझी आवडती जागा म्हणजे भांडी घासायचा ओटा, कारण हात ओले आणि साबणाचे असतात. पाचवं गाणं रटाळ वाटलं तरी हात पुसून, फोन उघडून ते बदलण्याइतकं रटाळ नसतं. तेवढ्यात ते संपतं. बऱ्याचदा त्याचा शेवट चांगला निघतो. वाचन, चॅटिंग, हिशेब अशी शब्दांची कामं मात्र टाळा. डोकं दोन्हीकडचे शब्द एकदम घेत नाही.

हिट गाणं आधी लावून ‘मूड बनवू’ नका. ते तिसरं असेल तर तिसऱ्या क्रमांकावरच येऊ द्या. सहावं असेल तर त्याआधीची पाच गाणी त्याची वाट बघत ऐकली जातील, याला इलाज नाही. पहिल्या खेपेला तसंच होतं.

जवळ एक कागद ठेवा. त्यावर १ ते १० आकडे उभे लिहा, गाण्यांची नावं नकोत. प्रत्येक गाणं संपल्यावर त्या आकड्यापुढे एक शब्द लिहा. ‘छान’, ‘बरं’ असला नको. काही दिसणारा किंवा ऐकू येणारा. माझ्या जुन्या कागदांवर ‘जिना’, ‘ओली काच’, ‘टाळ्या कुठून?’, ‘उगाच लांबवलंय’ असलं काय काय आहे. हिट गाण्यापुढची जागा रिकामी सोडा. त्याच्याबद्दल तुमचं मत आधीच झालेलं आहे.

चौथ्या-पाचव्या गाण्याच्या सुमाराला ‘या अल्बममध्ये एकच गाणं चांगलं आहे’ असं वाटायला लागेल. सगळ्यांना वाटतं. हा सामना बरोबरीचा नसतो: हिट गाणं तुम्ही चाळीस वेळा ऐकलेलं, बाकीची एकदा. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं की नुसती ओळख वाढली तरी आवड वाढते, मग समोर निरर्थक शब्द असेनात का. तेव्हा पहिल्या दिवशी निकाल देऊ नका.

पायरी ५: हिट गाण्याचे शेजारी

दोन-तीन दिवसांनी पुन्हा बसा. या वेळी कान ठेवायचा हिट गाण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गाण्यावर. अल्बमची खरी मजा मला इथे सापडते, म्हणून एक उदाहरण जरा जवळून बघू.

पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. सुमारे ४३ मिनिटं. त्यातलं ‘मनी’ अमेरिकेत सिंगल म्हणून आलं आणि आजही अनेकजण या अल्बमकडे त्याच गाण्यातून येतात. सुटं ऐकलं तर गल्ल्याच्या यंत्राचा आणि नाण्यांचा खणखणाट, सात मात्रांचा लंगडता ठेका, सॅक्सोफोन. मग गिटारचा लांब तुकडा येतो तेव्हा ठेका सरळ चारात जातो आणि पुन्हा सातावर परततो. मस्त, थोडं उर्मट गाणं.

आता अल्बममध्ये ऐका. त्याच्या आधी ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ आहे. पियानो आणि क्लेअर टोरी यांचा आवाज, शब्दांशिवायचा. आधी टाहो, मग दमून हळू होत गेलेला. रेकॉर्डवर इथे पहिली बाजू संपायची. उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची, आणि खण्‌! नाणी. मरणाच्या छायेतल्या गाण्यानंतर थेट पैसा. या जागेवर हा खणखणाट उर्मटपेक्षा निर्लज्ज वाटतो, आणि तो तसाच वाटायला हवा आहे. पुढे ‘मनी’ विरत जातं तेव्हा त्यावर माणसांच्या बोलण्याचे तुकडे येतात, भांडणाबद्दल. मीच बरोबर होतो, वगैरे. त्या बडबडीखालून ‘अस अँड देम’चा ऑर्गन इतक्या हळू येतो की तो कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. सिंगल संपतं तिथे अल्बममध्ये भांडण सुरू होतं. पूर्ण अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी उघडतो आणि ठोक्यांवरच मिटतो, हेही सुटं ‘मनी’ ऐकणाऱ्याला कळायला वाव नाही.

तुमच्या अल्बममध्ये एवढं ठरवून केलेलं असेलच असं नाही. तरी दोन प्रश्न विचारून बघा. आधीचं गाणं संपताना माझा श्वास कसा होता? आणि हिट संपल्यावर पुढच्या गाण्याने आवाज वाढवला की कमी केला? बहुधा कमी केलेला असतो. हिटनंतरचं गाणं म्हणूनच बिचारं सगळ्यांत जास्त स्किप होतं.

उलट टोकाचा सराव हवा असेल तर मायकल जॅक्सनचा १९८२ चा ‘थ्रिलर’ घ्या. नऊ गाणी, त्यांतली सात सिंगल झाली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. मागे राहिली ती दोनच: दुसरं ‘बेबी बी माइन’ आणि शेवटचं ‘द लेडी इन माय लाइफ’. ती दोन त्यांच्या जागेवर ऐका आणि तिथे ती नसती तर काय झालं असतं ते सांगा. मला ‘द लेडी इन माय लाइफ’बद्दल उत्तर आहे, ‘बेबी बी माइन’बद्दल अजून नाही.

पायरी ६: तिसऱ्यांदा, दुसऱ्या बाजूपासून

प्रत्येक वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू केलं की पहिली चार गाणी पाठ होतात आणि शेवटची चार परकीच राहतात. लक्षही तोवर ओसरलेलं असतं. म्हणून तिसऱ्या वेळी मधूनच सुरू करा. जुना अल्बम असेल तर दुसरी बाजू कोणत्या गाण्याने सुरू व्हायची ते शोधून तिथून. नवा असेल तर अंदाजे अर्ध्यावरून.

बाजूंचा हा हिशेब फार कामाचा आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण काठाजवळची खाच मोठ्या वर्तुळात जाते आणि मध्याजवळची छोट्या. सुईखालून सेकंदाला सरकणारी खाच काठाशी अर्ध्या मीटरच्या आसपास असते, मध्याशी त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे आवाजातले बारकावे आणि जोरकस भाग फाटण्याची भीती जास्त. म्हणून धडाकेबाज गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटी ठेवणं सोयीचं पडायचं. नियम नव्हता, १९७१ मध्ये लेड झेपेलिनने ‘स्टेअरवे टू हेवन’ पहिल्या बाजूच्या शेवटी ठेवलं आणि ते गाणं शेवटाकडे किती चढत जातं हे सर्वांना माहीत आहे. (अमेरिकेत हे गाणं तेव्हा सिंगल म्हणून विकलंच नव्हतं. अख्ख्या अल्बमवर सावली धरायला गाणं सिंगल असावं लागतं असंही नाही.) पण जुन्या अल्बममध्ये मध्येच शांतता का येते आणि लगेच दणका का बसतो, याचं कारण पुष्कळदा असं खाचेत असतं.

याच खेपेला गीतांचे शब्द आणि वादकांची नावं वाचा. त्याआधी नको, शब्द समोर असले की आपण ऐकायचं सोडून वाचायलाच लागतो.

पायरी ७: सोडून कधी द्यायचं

तीन वेळा ऐकूनही कागदावरचा एकही शब्द बदलावासा वाटला नाही, हिट सोडून दुसऱ्या एकाही आकड्यावर परत जावंसं वाटलं नाही, तर सोडून द्या. भरताडीचे अल्बम असतात. एक गाणं आणि नऊ भिंती. गाजलेल्या लोकांनीही असे काढलेत. आवडलेलं ते एक गाणं ठेवा आणि खुशाल प्लेलिस्टमध्ये वाजवा. त्यात कमीपणा नाही.

पण दोन आठवड्यांनी अनोळखी चाल तोंडात आली आणि ‘हे कुठलं बरं?’ असा प्रश्न पडला, तर आधी हाच अल्बम तपासा.

पायरी ८: सिंगलकडे परत

एक आठवडा अल्बम बंद. मग फक्त ते हिट गाणं, एकटं, प्लेलिस्टमधून लावा. पूर्ण ऐका, शेवटचा स्वर विरेपर्यंत. आता ॲप दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं लावेल. त्या क्षणाला कानाला भलत्याच सुराची अपेक्षा होती असं जाणवलं, अल्बममधल्या पुढच्या गाण्याचा पहिला ठोका तुम्ही मनात आधीच वाजवला असेल, तर अल्बम तुमच्यात उतरला. तसं काहीच झालं नाही, तर कागद काढा, त्या पुढच्या गाण्यासमोर तुम्ही काय लिहिलं होतं ते वाचा आणि फक्त ती दोन गाणी लागोपाठ लावा. ओट्यावर भांडी असतीलच.